मे महिन्यातला रिपोर्ट

२२ जानेवारी

अमरावतीहून अकोल्याला परत. सहा दिवस दवाखान्यात गेले. डॉ. म्हणाले, झटका लहान होता. घरी येऊन गादीवर टेकल्याबरोबर भाऊरावांनी पहिलं काम काय केलं, तर चहात साखर कमी म्हणून कप सरकवला.

तोंडावर 'अहो' म्हणते. वहीत भा. आणि 'तो'. एकतीस वर्षांच्या संसारात एवढी सूट मी मला दिली आहे.

झटका आला त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. पहाटे पाचला फिरायला निघाला तेव्हा स्वेटर घाला म्हटलं. मी म्हटलं म्हणून घातला नाही. मैदानाच्या फाटकाशी छाती धरून बसला.

२३ जानेवारी

गोळ्या चार. चरबीची एक, रक्त पातळ ठेवायची एक, बी.पी.च्या दोन. त्यातली एक लघवी जास्त करवणारी. शिवाय छातीत दुखलं तरच जिभेखाली ठेवायची एक वेगळी. डॉ.नी वैशालीला सगळं लिहून दिलं. मुलगी अमरावतीला आहे म्हणून निभावलं.

डॉ.नी समजावलं की थंडीत रक्तवाहिन्या आखडतात, बी.पी. चढतं, कोलेस्टेरॉलही हिवाळ्यात थोडं वरच राहतं. उन्हाळ्यात दोन्ही उतरतात. म्हणून मे महिन्यात परत दाखवायला या, डोस बघावा लागेल. तेव्हा भा. छताकडे बघत होता.

८ फेब्रुवारी

पथ्याचा छापील कागद भिंतीला लावला होता. त्यानं काढला. म्हणे, "कागदाचं मले सांगू नको. मीबी लई लिवले कागद."

कृषी खात्यात होता. नोकरीची शेवटची तीन वर्षं बार्शीटाकळीकडच्या खेड्यांत गेली. ज्या घरातल्या माणसानं जीव दिला, त्या घरात जाऊन माहिती भरायची. वर कुणीतरी ठरवणार, सरकारी मदतीला पात्र की अपात्र. घरी आला की आधी अंघोळ करायचा, मग बोलायचा. पुढे पुढे तेही नाही. तेव्हा मला कीव यायची. आता येत नाही. ती वर्षं संपून चार वर्षं झाली आणि राग माझ्यावर निघतो.

२१ मार्च

वांग्याच्या भाजीवर तर्री नाही म्हणून ताट तसंच ठेवून उठला. शेजारच्या रुखसानाभाभीला सांगून आला की बायको उपाशी मारून राहिली. भाभी बिचारी शिलाई मशीन सोडून मला विचारायला आली. काय सांगू?

शाळेत चौथीची तोंडी परीक्षा. दिवसभर पोरींशी गोड बोलले. घरी आल्यावर गोड शिल्लक राहत नाही.

९ मे

रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल एकशे अठ्ठ्याऐंशी. जानेवारीत दोनशे साठच्या वर होतं.

"सुटलो," म्हणाला. चारही पाकिटं कचऱ्याच्या डब्यात. "आता तुहं राज्य संपलं."

मी म्हटलं, हे गोळीनं उतरलं, थोडं उन्हानं. थंडी आली की पुन्हा चढेल. अमरावतीला डॉ.ना दाखवून या, मग काय ते करा.

"या उन्हात एस.टी.त बसून मरू का? तू मास्तरीण हायेस, डाक्टर नाई."

दिवसाचे आठ-नऊ तास लाईट नाही. कूलर नुसता उभा. पंखा हातानं.

११ मे

डब्यातली पाकिटं मी त्याच दिवशी काढून ठेवली होती. आज सकाळी दोन चमच्यांत दाबून चारही गोळ्यांची भुकटी केली आणि कैरीच्या पन्ह्यात घातली. वेलची जास्त टाकली. प्यायला. काही बोलला नाही, म्हणजे आवडलं.

कुणाला सांगितलेलं नाही. वै.लाही नाही. लाज वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली. खरं लिहायचं तर बरं वाटलं. तू टाक डब्यात, मी घालीन पोटात.

१९ मे

शेहेचाळीस म्हणे. माठातलं पाणीसुद्धा कोमट.

पन्हं रोज चालू. खाटेवरून उठताना तो कठडा धरून थोडा वेळ थांबतो. दोनदा पाहिलं. विचारलं नाही. विचारलं की भांडण. उन्हानं होत असेल.

२४ मे

दुपारी तीनला बँकेतून आले तर फाटक उघडं. भा. अंगणात रांजणाशी पडलेला. रुखसानाभाभी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, ओढणी रक्तानं भिजलेली. आवाज तिनंच ऐकला. भाभीनंच रिक्षा आणली.

डोक्याला तीन टाके. बी.पी. ऐंशी आणि पन्नास.

इथला डॉ. तरुण आहे. त्यानं विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत. मला वाटलं, आता भा. म्हणेल कोणतीच नाही, आणि मग मला बोलावं लागेल.

भा. डोळे मिटूनच म्हणाला, "चारही. रोज घेतो."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानंच डॉ.ला सांगितलं. स्टेशनजवळच्या दुकानातून त्यानं नवीन पाकिटं आणली होती. मी सकाळी अंघोळीला गेले की घ्यायचा. डब्यात टाकली ती नुसती मला दाखवायला.

डॉ. लिहीत होता. मी म्हटलं, "मीपण देते. पन्ह्यात मिसळून. त्याच चार."

त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणजे सगळं दुप्पट, म्हणाला, आणि या उन्हात, त्यात लघवीची गोळी. अंगात पाणी किती उरणार?

भा.नं डोळे उघडले.

२५ मे

सलाईन चालू. वॉर्डात गर्दी, बहुतेक ऊन लागलेले.

मी विचारलं, "काहून सांगितलं नाई, गोळ्या घेऊन राहिलो म्हणून?"

म्हणाला, "सांगितलं असतं तं तू जिंकली असती."

नंतर त्यानं विचारलं, "किती दिवस?"

"चौदा."

भिंतीकडे तोंड केलं. डोक्याच्या पट्टीवर माशी बसत होती. मी हाकलायला हात पुढे केला तर मान बाजूला घेतली.

२ जून

घरी. डॉ.नं लिहून दिलं आहे. उन्हाळा संपेपर्यंत लघवीची गोळी बंद, बी.पी.ची अर्धी. थंडी लागायच्या आधी पुन्हा तपासणी. चरबीची मात्र कधीच सोडायची नाही, रिपोर्ट कसाही येवो. हे त्यानं मला सांगितलं नाही, भा.ला सांगितलं. मी शेजारी उभी होते.

भा.नं रॉकेलचा स्टोव्ह आणला. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला त्याची खिचडी. पाणीही स्वतः गाळून स्वतःच्या तांब्यात, वर झाकण.

वै. आली होती. मला म्हणाली, "आई, तू असं कसं केलं?" मी वाट पाहत होते, बापालाही काही विचारेल. नाही विचारलं.

१७ ऑगस्ट

त्याची खिचडी. माझी पोळी. अडीच महिने.

आज जवारीची भाकर आणि अंबाडीची भाजी केली. वास घरभर होता. तो बाहेर ओसरीत जाऊन बसला.

३ सप्टेंबर

भा. संध्याकाळी चहाला रुखसानाभाभीकडे जातो. तिचा नवरा बडनेऱ्याला रेल्वेत, आठवड्यानं येतो. नवरा आला की तो आणि भा. बोलत बसतात. आमच्या भिंतीपलीकडून हसणं ऐकू येतं. हा माणूस हसतो हे मी विसरले होते.

भाभी आज शिवलेले कपडे द्यायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "भाभी, आजकल मेरे यहाँ भी पहले कप में झाँकते, बाद में पीते."

हे मी केलं. त्याच्या जिभेवरून माणसांचा भरवसाच पुसला. पण लिहिताना हेही लिहायला हवं, की गोळ्या डब्यात टाकायचं नाटक त्यानं केलं. सगळा दोष मला एकटीला नाही घ्यायचा.

४ नोव्हेंबर

भा. एकटा अमरावतीला जाऊन आला. फाईल ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप. फोनवर वै.कडून कळलं. बी.पी. पुन्हा चढायला लागलं, म्हणून गोळी पूर्ण केली. कोलेस्टेरॉल मे महिन्यापेक्षा थोडं वर. डॉ. म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, थंडीत होतं असं. उजाडल्याशिवाय फिरायला जाऊ नका, कान-छाती झाका.

म्हणजे मे महिन्यात मी बोलले ते खरं होतं. सांगायला गेले नाही. सांगून काय मिळेल ते आता माहीत आहे.

१५ डिसेंबर

अंधारातच फिरायला गेला. मफलर मात्र होता.

१३ जानेवारी

दवाखान्याच्या बाकावर लिहिते आहे.

सकाळी सातला तो खाटेच्या कडेला बसून डावा दंड चोळत होता. विचारलं, दुखते का. "थंडीनं," म्हणाला. पण कपाळावर घाम.

मी जिभेखाली ठेवायची गोळी काढून त्याच्यापुढे तळहातावर धरली. त्यानं घेतली नाही. उठला, खिशातून त्याच गोळीचं स्वतःचं पाकीट काढलं, चष्मा लावला, नाव वाचलं, तारीख वाचली. मी धरून दिलं असतं तर क्षणाचं काम. पाकीट दोनदा खाली पडलं. दोन्ही वेळा त्यानंच वाकून उचललं. मी उभी. शेवटी दातानं फाडून गोळी जिभेखाली ठेवली.

मग म्हणाला, "रिक्षा बोलाव."

सात महिन्यांत माझ्याकडे मागितलेली पहिली गोष्ट. अनवाणीच धावले चौकापर्यंत.

रिक्षात आमच्यामध्ये पिशवी ठेवली त्यानं. वळणावर माझ्या अंगावर कलला, सावरला, पुन्हा सरकून बसला. श्वास मोठ्यानं येत होता. मी पिशवी काढून पायाशी ठेवली. त्यानं परत ठेवली नाही. जोर नव्हता की काय, कळलं नाही.

आत छातीचा ई.सी.जी. काढून राहिले. नर्स बाहेर आली, विचारलं, पेशंटला गोळ्या तुमी देता का? म्हटलं, नाई, ते स्वतः घेतात. तिनं लिहून घेतलं. मग म्हणाली, एकानं आत थांबलं तरी चालते, त्यांना विचारते.

पडद्याआड तिचा आवाज आला, "काका, काकूंना आत बोलावू का?"

वही मांडीवर घेऊन बसले आहे. नर्स अजून बाहेर आलेली नाही.