एकाच पंखाची पिसं

मंगळवार, संध्याकाळ. बिबवेवाडी.

लोणी काळभोरहून आत्याने तिच्या राजहंसाची पिसं पाठवली. मी शिकारी पद्धतीचे बाण करतो; शिकार कुठली, मारायचे गवताच्या भाऱ्यावर. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची लागतात, नाहीतर बाण भरकटतो. आत्या अंगणात गळलेली वेचून देते, त्यात डावी-उजवी सरमिसळ. निवडताना दरवेळी माझी कुरकुर ठरलेली. आज मात्र सगळी डावी. खूश होऊन फोन केला.

"आत्या, या वेळी छान निवडलीस!"

"निवडली न्हाईत रं. कुत्र्यांनी धरलं त्याला. एक पंख तेवढा घावला."

छान म्हणालो मी?

डिंक वाळतोय. सगळी डावी. बाण अगदी सरळ जाईल.