सईचे मार्क

शुक्रवार, १० जुलै २००९, कनाटा (कॅनडा)

आज सईच्या मैत्रिणी बेसमेंटमध्ये जमल्या होत्या. उद्या तिची ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, म्हणजे या पोरींच्या भाषेत 'फुटी'ची, पहिली मॅच. कोण जिंकणार, समोरच्या टीममध्ये कोण आहे, सगळी चर्चा त्यावरच. मी चिवडा घेऊन खाली गेले तेव्हा मेगन म्हणत होती, "सई विल टेक सम बिग मार्क्स टुमॉरो." मी खूश. विचारलं, कुठल्या विषयात? सगळ्या हसत सुटल्या.

मग सईने लॅपटॉपवर दाखवलं. लांबून मारलेला बॉल हवेतच झेलायचा, त्याला या खेळात मार्क म्हणतात. एक मुलगी दुसरीच्या खांद्यावर गुडघा रोवून वर चढली, बॉल धरला आणि तशीच पाठीवर आपटली. डोक्याला हेल्मेट नाही, काही नाही. उद्याच्या टीममधल्या एका उंच मुलीने मागे कुणाचं तरी खांद्याचं हाड मोडलं म्हणे. तेही या पोरी कौतुकाने सांगत होत्या.

तो गुडघा डोळ्यांसमोरून हलत नाही.

"आई, रिलॅक्स. इट्स जस्ट फुटी," सई म्हणाली. कसं रिलॅक्स होऊ? तो गुडघा तिच्या मानेत बसला तर? जाऊ नको म्हणावं का? एकोणीस वर्षांची आहे, ऐकणार थोडीच.

पहिलीपासून तिच्या मार्कांसाठी देवापुढे हात जोडत आले. आज दिवा लावला आणि म्हटलं, उद्या माझ्या पोरीला एकही मार्क पडू नये.