उघड्या दाराची संध्याकाळ

येरुहाम,
शुक्रवार, १४ एप्रिल

प्रिय ओस्नात,

आम्ही बरे आहोत. तुम्ही हर्झलियाला नीट पोचलात, हे आईकडून कळलं. तुझी शाल इथेच राहिली. धुऊन ठेवली आहे. धुण्याआधी एकदा अंगावर घेऊन आरशात पाहिलं, हेही सांगून टाकते.

मिमूनाच्या सणाला संध्याकाळी दार उघडं ठेवायचं आणि आलेल्याला का आलात म्हणून विचारायचं नाही, म्हणून मी विचारलं नाही. पण दोन गाड्या, आणि त्यांतून तुझ्या नवऱ्याच्या कंपनीतली सहा माणसं! मी मुफलेताच्या पोळ्या करत होते, तर एकजण आईच्या तव्याचा फोटो काढत म्हणाला, "अगदी अस्सल आहे हो सगळं." मनात म्हटलं, शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून सुजलेले माझे पायही अस्सलच आहेत, काढ त्यांचाही.

मला तुझा हेवा वाटतो, ओस्नात. लपवून काय उपयोग? तुझ्या कुत्र्याला दुसऱ्या दिवशी डॉक्टर भेटतो, आईच्या डोळ्यांना नोव्हेंबरची तारीख मिळाली आहे. आपण एका पलंगावर झोपायचो. गणित तू माझ्या जुन्या वहीतून उतरवायचीस. बाबा आजारी पडले तेव्हा एकीला शाळा सोडून कामाला जाणं भाग होतं, आणि मी मोठी होते. आता तुझ्या घरी यायचं तर खालच्या पहारेकऱ्याला नाव सांगावं लागतं. तो वर फोन करून विचारतो, मग मला आत सोडतो.

आता मूळ गोष्ट. फोनवर मला ती बोलता आली नसती.

तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "अव्हिवा, तुझ्या हिलाला माझ्याकडे शिकायला पाठव. इथे वरच्या गणिताला शिक्षक नाही, पोरीचं डोकं वाया जातंय." मी म्हटलं, "विचारलं मी तिला. नाही म्हणते."

मी विचारलंच नव्हतं. माझी हिला तेव्हा शेजारी पोळ्या द्यायला गेली होती. तव्यावरची पोळी करपली ती त्याच वेळी. आई उगीच पिठाला बोल लावत बसली.

मला भीती वाटली की उद्या पोरगीही तुझ्यासारखी पाहुणे घेऊन येईल आणि माझ्या तव्याकडे कौतुकाने पाहील.

काल सकाळी तिला विचारलं. तिने माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि घासायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "खरंच जाऊ, आई? पण मावशी ठेवून घेईल?"

मी म्हटलं, "तिला मी पटवते."

तेव्हा सप्टेंबरसाठी तिचं नाव घाल, आणि पहारेकऱ्यालाही ते आधीच सांगून ठेव. तिला वाटतंय की ही कल्पना माझी, मी शब्द टाकला म्हणून तू तयार झालीस. खरं सांगू नकोस. तुझ्याकडे सगळं आहे, ओस्नात. एवढं माझ्याकडे राहू दे.

जिच्या वहीतून उतरवायचीस ती,
अव्हिवा