अडीच कोटींची मागची बाजू

३ मार्च

अडीच कोटी मिळाले! दोन कप चहाच्या किमतीत.

काकांच्या दुकानात लागून आज दोन महिने झाले. जुन्या नोटा, नाणी, तिकिटं. याआधीची नोकरी एकवीस दिवस टिकली होती, म्हणजे हा विक्रमच. "घे भिंगरे, श्रीमंत झालीस," म्हणाले काका. माझ्या पायाला भिंगरी आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं, तेव्हापासून तेच नाव.

ग्रीसच्या नोटा जमवतेय, युद्धातल्या. महागाई इतकी उसळली की पाच हजारांची नोट निघाली, मग पंचवीस हजार, मग लाख, मग कोटी, आणि शेवटी शंभर अब्ज. आणि मग एके दिवशी सरकारनं सांगितलं, जुने पन्नास अब्ज द्या आणि नवा एक द्राख्मा न्या. शाळेत माझी गाडी लाखापुढे कधी गेली नाही. आता शून्यं बोटानं मोजते.

ही माळ पुरी करायची. काहीतरी एक तरी शेवटपर्यंत. त्यात ही अडीच कोटींचीच राहिली होती. काकांनी विकत घेतलेल्या एका बिस्किटांच्या डब्यात सापडली.

५ मार्च

अडीच कोटींच्या मागे पेन्सिलीचं लिखाण. वरच्या पांढऱ्या कडेला बारीक, सुबक. खालच्या कडेला ढोबळ, वेडंवाकडं. ग्रीकच असणार. बाकीच्या नोटा कशा स्वच्छ आहेत, आणि ही एकटी अशी.

मऊ खोडरबर घेतलं. पंधरा मिनिटं लागली. काय निघालीय! काकांनी बजावलं होतं खरं, "नोट धुवायची नाही, इस्त्री करायची नाही, घासायची नाही." पण खोडणं म्हणजे काही घासणं नव्हे.

माळ पुरी.

९ मार्च

काही नाही. रेल्वेपुलावर उभं राहून मालगाडीचे डबे मोजले. त्रेसष्ट. दुकानात तासभर उशिरा. काका नुसतं घड्याळ पुसत बसले.

१४ मार्च

मैत्रिणीचा फोन. समुद्रकाठच्या हॉटेलात जागा आहे, एक तारखेला ये. जाणार! ताईला सांगितलं. ती भाकऱ्या भाजतात तसं दोन्ही बाजूंनी मला बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. तुझी चादर धुऊन ठेवते." बस्स. सहा महिने तिच्या खोलीत राहतेय, खाली बेकरी, पहाटेपासून पावाचा वास, आणि तिनं एकदाही विचारलं नाही किती दिवस म्हणून.

१९ मार्च

आज दुकानात एक आजी आल्या. छोट्याशा, हातात काठी, पण आवाज खणखणीत.

"माझ्या मुलानं घर आवरताना बिस्किटांचा डबा विकला तुम्हाला. नोटांचा. मला न विचारता."

काकांनी डबा काढून दिला. त्यांनी एकेक नोट उलटून पाहिली. "एक कमी आहे. मागे पेन्सिलनं लिहिलेली. अडीच कोटी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे.

आजी ग्रीक. युद्धात सहा वर्षांच्या होत्या. कागद मिळायचा नाही, म्हणून वडील नोटांवर कित्ता घालून द्यायचे. या नोटेवर वर वडिलांनी एक वाक्य लिहिलं, खाली आजींनी ते गिरवलं. हरवलीस तर कोणालाही हे दाखव, असं सांगून. आठव्या वर्षी देश सुटला, इकडे आल्या. भाषाही बरीचशी गेली. घर कुठे होतं हेही गेलं. "कशासमोर होतं, ते त्या वाक्यात आहे. पुढच्या महिन्यात मुलगा घेऊन चाललाय मला तिकडे. गावात उतरल्यावर काय विचारू लोकांना?"

मी म्हणाले, "शोधून ठेवते, आजी. अठ्ठावीसला या."

कुठून आला हा आवाज!

२० मार्च

काहीच दिसत नाही. भिंगातून नाही, खिडकीशी धरून नाही. फार छान खोडलंय मी.

एक तारखेपर्यंत टाळत राहायचं आणि निघून जायचं. एवढंच तर करायचं. आतापर्यंत तेच केलंय.

२१ मार्च

ताईला सांगून टाकलं. ती भांडी घासत होती.

"मग? एक तारखेला जाणार ना तू? नोट ठेव इथेच. मागचं मागे सोडून जायची सवयच आहे तुला."

लागलं. मी भांडी पुसायला घेतली. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "पहिलीत तू इतकं दाबून लिहायचीस की खालच्या तीन पानांवर उठायचं. बाई म्हणायच्या, ही वही आहे की शेत नांगरतेस?"

पोरं दाबून लिहितात. पेन्सिल खोडली, पण चर खोडला जात नाही!

२२ मार्च

जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या जिन्याखालच्या कोठडीत बसले. दार लावलं, अंधार केला. दिवा नोटेच्या बाजूला अगदी आडवा धरला.

वरची कड सपाट. वडिलांचा हात हलका असणार. काही नाही उरलेलं.

खालच्या कडेला सावल्या. बारीक, केसासारख्या. अक्षरं!

२३ मार्च

ट्रेसिंग पेपर आणला. नोटेवर ठेवायचा नाही, शेजारी ठेवायचा, बघून उतरवायचं, नाहीतर माझाच चर उठेल. एका सुट्टीत चार अक्षरं. एक दाराच्या चौकटीसारखं. एक भिंतीतल्या खुंटीसारखं. कोणतं अक्षर आहे ते नोटेवरच्याच छापील अक्षरांत शोधते. शाळेत एवढी बसले असते तर डॉक्टर झाले असते.

२५ मार्च

काकांनी दार उघडलं. मी हातात दिवा घेऊन. सगळं सांगितलं. खोडरबरासकट.

त्यांनी नोट उजेडात नेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं या धंद्यात आहे. घाणेरडी नोट विकली जात नाही म्हणून मीही पहिल्या वर्षी एक खोडली होती. काय लिहिलं होतं ते अजून माहीत नाही मला."

मी म्हटलं, "चरांवरून पेन्सिल फिरवून देऊ का? दिसेल तरी."

"तुझ्या हाताचं अक्षर देणार तिला?"

नाही.

दिवा त्यांनी धरला. माझा हात मोकळा झाल्यावर दुप्पट वेगानं उतरलं.

२७ मार्च

शेवटचा शब्द. पाच अक्षरं. पहिलं अक्षर नोटेच्या घडीत गेलंय. चारही बाजूंनी दिवा फिरवला. उभं दांडकं दिसतं, बाकी नाही. मी ते अंदाजानं पुरं करणार नाही. जागा मोकळी सोडली.

२८ मार्च

आजी आल्या. आधी सांगितलं, मग दाखवलं. काका म्हणत होते उलट कर. नाही केलं.

"मी खोडलं, आजी. मला स्वच्छ हवी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. नोटेवरून बोट फिरवलं. वरच्या कडेवर. मग खालच्या.

"बाबांचं गेलं."

"हो."

मी ट्रेसिंग पेपर पुढे केला. त्या पुटपुटत वाचू लागल्या, पहिलीतल्या पोरीसारख्या, अक्षर लावत. मग आम्हाला सांगितलं, "मी सुताराची मुलगी. माझं घर..." मोकळ्या जागेशी थांबल्या. ओठ हलले. एकदा, दोनदा. मग काठी खाली पडली आणि त्यांनी ती उचललीही नाही.

"कारंजं. कारंज्यासमोर."

काका आत चहा करायला गेले. चहाला बराच वेळ लागला.

जाताना आजींनी आपली नोट पर्समध्ये ठेवली. डब्यातून अडीच कोटींचीच दुसरी, कोपरा फाटलेली नोट काढली. मला विचारलं, "तू कोणाची? राहतेस कुठे?"

"ताईकडे राहते. बेकरीच्या वर. पण एक तारखेला..."

"ते नाही विचारलं," म्हणाल्या, आणि काकांची पेन्सिल घेतली.

१ एप्रिल

गाडी सव्वानऊची होती. सव्वानऊला मी पेन्सिलीला टोक काढत होते.

नोटेच्या वरच्या कडेला आजींचं अक्षर. अर्थ त्यांनी सांगून ठेवलाय: मी ताईची बहीण, माझं घर बेकरीच्या वर. खालची कड कोरी होती.

लिहिलं. दाबून.