गणूच्या गोष्टीचं शेवटचं पान

६ जानेवारी २००४
त्या सकाळी भाकऱ्या झाल्या होत्या, अंगण झाडून झालं होतं, मी सारवायला शेण कालवत होते. आमचे हे बोकड घेऊन जीपने मुरबाडच्या बाजाराला निघाले. म्हणाले, "येताना शेव आणतो गो." मी मान वर केली नाही. हात भरलेले होते.
असो. चार वर्षं झाली. मी शाळेत मदतनीस, ही रोजनिशी शाळेच्या कामाची आहे.
वर्गाच्या संध्याबाई ट्रेनिंगहून आल्या. आता मोठं पुस्तक समोर धरून सगळ्या वर्गाने मिळून वाचायचं. चित्र बघायचं, आपल्याला ठाऊक असलेलं आठवायचं, पुढचा अंदाज करायचा. पुस्तक मी करणार. मी वाचायला शिकले वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. गोष्टीचा शेवट कधीच नसायचा, तो मीच लावायचे. अंदाजात तालुक्यात माझ्या तोडीचं कुणी नसेल.

९ जानेवारी
पुस्तक तयार. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर. गणू नावाचा माणूस काखेत छत्री मारून, बोकड घेऊन जीपने बाजाराला जातो. शेवटच्या पानावर शेव घेऊन घरी येतो. संपूर्ण काल्पनिक. चित्रासाठी आमचा बोकड समोर बांधला. म्हातारा झाला तरी स्थिर उभा राहत नाही.

१३ जानेवारी
शब्दांखाली पट्टी सरकवत वाचलं. मुलं बरोबर वाचत होती, बोकडाला हसली. शेवटच्या पानाआधी थांबले. पुढं काय होईल?
रोशनी म्हणाली, "तो नाय येणार. जीप पलटली ना."
चित्र नीट बघितलेलं नाही.
दीपेश म्हणाला, "काकू, ही आपल्या चंदरकाकाची छत्री. दांडीला लाल दोरी."
छत्र्या सगळ्या सारख्याच असतात.
वेळेअभावी पान उलटलं नाही. मधल्या सुट्टीला अजून अर्धा तास होता.

२० जानेवारी
छत्री खोडली. जीपची बैलगाडी केली. आता घोटाळा होणार नाही.
सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "मेला."
ठकी म्हणाली, "काकू, तुमी रडू नका." थंडीने माझं नाक वाहतं.
संध्याबाई खूश. म्हणे, "सुंदराबाई, ठाऊक असलेलं वापरतायत मुलं. हेच तर शिकवायचं होतं!"
ट्रेनिंगमध्ये काहीतरी चुकीचं सांगितलेलं दिसतंय.

२७ जानेवारी
शेवटचं पान दाखवलं. गणू दारात, हातात शेव. कुणी हसलं नाही.
रोशनीने विचारलं, "आला, तर मग तुमी रोज जीपच्या टायमाला फाट्यावर कशाला बसता?"
हवा खायला, म्हटलं.
मुलांना अंदाज अजून जमत नाही.

२८ जानेवारी
ते पान काढलं. नवीन लावलं. 'गणू आला नाही. बोकड एकटाच चालत घरी आला.' वर्गाने मिळून वाचलं. मीही वाचलं.
संध्याकाळी फाट्यावर गेले नाही. बोकडाला पाला तोडून आणला.