राखणीचा कोंबडा

११ नोव्हेंबर

पोफळीच्या वीजघराचं क्वार्टर रिकामं करून गावी आलो. सामान गाडीत, गाडी अंगणात, आणि अंगणात देवरूखपासूनची सगळी माणसं. प्रत्येकाने चपला काढून गाडी आतून पाहिली, जसं काही देऊळच. चिपळूणच्या मावसदिरांनी जुन्या ट्रॅव्हलरचा कॅम्पर केला होता, पर्यटकांसाठी. धंदा बसला, गाडी आमच्या गळ्यात. आत दोन बाकडी (रात्री पलंग), गॅसची शेगडी, तळहाताएवढं बेसिन. बाहेरून दोन्ही बाजूंना माड, होडी आणि मोठ्या अक्षरात ‘कोकण भ्रमंती’. रंग काढायला वेळ झाला नाही. तर ‘कोकण भ्रमंती’त बसून आम्ही कोकण सोडणार.

नवऱ्याची (वि.ची) हिमाचलातली नोकरी पक्की. तिथेही डोंगराच्या पोटातलंच वीजघर. तीन वर्षांचा करार. नवरा खूश, लेक सई खूश (बर्फ!). मी खूश आहे असं सगळ्यांना सांगते आहे.

सासऱ्यांना पुन्हा एकदा म्हटलं, आबा, चला आमच्याबरोबर. ‘मी थंडीत काय करू गो? आनि हितं घराचं दार कोन उघडंल?’ विषय संपला.

१२ नोव्हें.

संध्याकाळी खाली वळणावर वाडीच्या राखणदार देवापुढे गाऱ्हाणं. सगळी वाडी जमली. दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून आबा उतरले. आमचा कोंबडा लाल्या त्यांच्या काखेत. मी म्हटलं, याला कशाला आणलं? आणि म्हणता म्हणताच समजलं.

‘बा म्हाराजा, ही लेकरं तुझा मुलूख सोडून लांब चालली. त्यांच्या वाटंत काय वायट आसंल ता दूर कर, जाऊन सुखरूप परत येस्तवर त्यांची राखण कर. तुझ्या नावानं हा घरचा लाल्या कोंबडा तुला दिला रं म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळे. त्यात सईचा आवाज सर्वांत मोठा. तिला ते ‘व्हय म्हाराजा’ फार आवडतं. परत येताना उड्या मारत होती: ‘आई, आबांनी लाल्याचं पण नाव घेतलं!’

लाल्या तिचा. पिल्लू असताना मुंगसाने मानेला धरला होता, हिने काठी घेऊन सोडवला. पोफळीच्या क्वार्टरमागे वाढवला. हाक मारली की कुत्र्यासारखा धावत येतो. त्याला मी हिमाचलात न्यायचं कबूल केलं आहे. दोन महिन्यांपूर्वीच केलं. आबांना ते कोणी सांगितलं नाही, कारण त्यांना सांगण्यासारखी ती गोष्टच वाटली नाही मला.

‘व्हय म्हाराजा’ मीही म्हटलं. चारचौघांत सासऱ्यांना काय आडवं लावायचं. बघू नंतर, असं म्हटलं मनात.

१३ नोव्हें. आंबा घाटाच्या वर

निघालो. आबांचे गुडघे कालच्या उताराने सुजले, अंगणातूनच निरोप. वि.च्या हातात नारळ आणि कोयता दिला. ‘जाताना वळनावर देवन जा. वाटंत रांधून खावा, परसाद हाय.’

वळणावर वि.ने गाडी थांबवली. खाली उतरला. मागे सई लाल्याला सांगत होती की बर्फात पाय आपटत चालायचं, म्हणजे गार लागत नाही.

मी खिडकीतून म्हटलं, ‘नारळ फोडा आणि चला.’

‘आणि आबांना?’

‘मी सांगेन आबांना.’

त्याने नारळ फोडला. कोयता सीटखाली टाकला. गाडी निघाली तेव्हा मला स्वतःचा चक्क अभिमान वाटला. आपण एका पोरीचं मन राखलं, एक जीव वाचवला वगैरे.

दिवेलागणीला आबांचा फोन.

‘दिलाव काय गो?’

‘हो आबा. झालं.’

‘खाल्लाव?’

‘खाल्ला.’

‘ग्वाड व्हता?’

‘चांगला होता.’

हे मी बोलत होते तेव्हा लाल्या माझ्या पायाशी वेताच्या डालग्याखाली तांदूळ टिपत होता. वि.ने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१४ नोव्हें. पुण्याच्या अलीकडे

लाल्या पहाटे आरवतो. पेट्रोलपंपावर दहा-बारा ट्रक उभे होते, ते सगळे जागे केले. एक क्लीनर डोळे चोळत आला, भांडायला वाटलं, तर त्याने लाल्याला शेव खायला घातली. म्हणाला, गावची आठवण आली.

गाडीत मात्र वास. आणि विष्ठा कुठेकुठे सापडते ते लिहिण्यासारखं नाही. माझी अबोली साडी गेली.

१५ नोव्हें. नाशिक

झालं ते एवढं: सकाळी चहा उकळत होते. आबांचा फोन, निघालाव काय म्हणून. मी ‘आत्ताच’ म्हणते आहे आणि मागून लाल्याने बांग दिली.

त्याची बांग तुटकी. मुंगसाने मान धरल्यामुळे शेवटचा सूर मध्येच खचतो. एकदा ऐकली की शंभरांत ओळखावी.

पलीकडून आबा: ‘कोनाचा गो कोंबडा?’

‘ढाब्यावरचा, आबा.’

‘बरं.’ मग, ‘जपून जावा. राती थांबलाव की सांगा मना.’

ओरडले असते तर बरं झालं असतं. आबांना ओरडताना मी ऐकलेलं आहे. वाडीच्या या टोकाचं त्या टोकाला जातं.

१६ नोव्हें. धुळ्याच्या पुढे

दिवसभर रस्ता. प्रत्येक चहाच्या टपरीवर ‘कोकण भ्रमंती’ वाचून लोक विचारतात, पॅकेज कितीचं? मासे मिळतील का? वि. एकाला म्हणाला, फक्त कोंबडी मिळेल. आणि मग दोघेही हसता हसता गप्प झालो.

आबांचा फोन. ‘थांबलाव काय गो?’ ‘थांबलो आबा.’ ‘मंग बरं.’ एवढंच. सईशी बोलायला मागितलं नाही. रोज मागतात.

१७ नोव्हें. इंदूर

सुलूवहिनींचा फोन, शेजारच्या. आधी इकडचं तिकडचं. मग, ‘तुमी आबांना काय बोल्लाव काय?’

का?

‘रातभर ओटीवर बसून आसतत. कांबळं नि काठी. आमचे हे विचारायला गेले तर म्हनले, पोरांची राखण कोनी घेतली नाय, मी घेतलीय. तुमी थांबलाव म्हनून फोन आला तरी उठत नायत. उजाडल्यावर पडतत जरा.’

मी विचारलं, नारळ फोडला ना, तेवढ्याने भागणार नाही का? की वाडीतला दुसरा कोंबडा…? सुलूवहिनी म्हणाल्या, आमीपन तेच म्हनलो. तर म्हनले, नाव त्याचं घेतलंय. दिल्या शब्दाला बदली नसती.

माझा या सगळ्यावर विश्वास आहे की नाही ते मला आजतागायत धड कळलेलं नाही. पोफळीला असताना नव्हता बहुतेक. पण राखणदार खरा की खोटा हा प्रश्नच आता राहिलेला नाही. गुडघे सुजलेला म्हातारा माणूस थंडीत ओटीवर बसलाय, हे खरं आहे. आणि तो माझ्यामुळे बसलाय.

१९ नोव्हें. शिवपुरीच्या आसपास

रेडिएटर तापला. बोनेटमधून वाफ. उन्हात दोन तास उभे. कोणीही डालग्याकडे पाहिलं नाही. इतकं ठरवून पाहिलं नाही की मला हसू यायला लागलं, आणि मग रडू.

भांडण. वि. इतके दिवस साठवून होता.

‘तू म्हणालीस चल, मी गाडी काढली. माझे वडील आहेत ते.’

‘मग काढायची नव्हती! कोयता तुमच्याच हातात होता.’

‘आणि सईसमोर कापला असता तर? तेव्हा काय म्हणाली असतीस?’

बरोबर आहे त्याचं. मग आबांना तिथल्या तिथे अंगणात जाऊन ‘नाही देत आम्ही’ म्हणायचं होतं एकाने तरी. तो पन्नास पावलांचा चढ दोघांनीही टाळला. वि. म्हणाला, ‘नाव घेऊन सोडलेला कोंबडा आहे तो. आबांसाठी तो आता जिवंत नाहीच. त्यांच्यासाठी आपण राखणदाराच्या पानातलं उचलून नेलंय.’

पडद्यामागे सई जागी होती. पडदा हलला तेव्हा कळलं.

२० नोव्हें. आग्रा रस्ता

सई आमच्याशी बोलत नाही. लाल्याशीही नाही. ताजमहाल पाहायचा का विचारलं, नको म्हणाली.

२१ नोव्हें. कर्नाल

ढाब्याच्या सरदारजींना लाल्या फार आवडला. ‘बेटी, बेचोगी?’ सई त्यांना म्हणाली, ‘ये हमारा नहीं है.’

मी पोळ्या भाजत होते. हात भाजला.

आबांना आज मीच फोन केला. धीर करून म्हटलं, ‘आबा, तुम्ही रात्री आत निजा. थंडी पडली असेल.’

‘काय नाय गो, हितं कसली थंडी. तू मनाला लावून घेव नको. मी हाय ना राखणीला.’

रागाने म्हणाले असते, टोमणा मारला असता, तर मी उलट बोलले असते. मला येतं ते. ते अगदी साधं म्हणाले, दुधाचं पातेलं मी बघतो तू जा, असं म्हणावं तसं.

खरं तेव्हाही सांगितलं नाही. त्यांना माहीत आहे आणि मला माहीत आहे की त्यांना माहीत आहे. तरी तोंडाने सांगायचं राहिलंय ते राहिलंयच.

२३ नोव्हें. प्रकल्प, हिमाचल

पोचलो. नदीचा आवाज कुंभार्ली घाटातल्या पावसाळी ओढ्यांसारखा, पण थांबत नाही. क्वार्टर तयार नाही, महिनाभर लागेल. कॅम्पर नदीकाठी उभा केला. शेजारच्या बायका येऊन गाडीवरचे माड हात लावून पाहून गेल्या.

मला वाटलं होतं पोचल्यावर आबांची राखण सुटेल. दिवेलागणीला सांगितलं, ‘आबा, पोचलो. आता झालं. आता तुम्ही निजा.’

‘पोचलाव ता बरं झालं. पन गाऱ्हानं परत येस्तवरचं हाय ना गो.’

तीन वर्षं.

२५ नोव्हें.

लाल्या आरवत नाही. थंडीने असेल. पिसं फुगवून बसून असतो. वि.ने वीजघरातून जुनं गोणपाट आणलं, डालग्यावर घातलं. त्यानेच. मी काही म्हटलं नव्हतं.

नवीन शाळेत सईला बाईंनी घरी कोण कोण विचारलं. आई, बाबा, आबा म्हणाली. लाल्याचं नाव घेतलं नाही.

२७ नोव्हें.

सुलूवहिनी. आबांना खोकला. दुपारी जेवताना डोळा लागतो, हात ताटातच. देवरूखच्या डॉक्टरांकडे नेलं तर डॉक्टरांना म्हणाले, औषध द्या, पन झोपेचं नको.

वि.ला रजा नाही, नोकरी चार दिवसांची. ‘मी जाऊन येते,’ म्हटलं. कशाला? हे त्याने विचारलं नाही, मीच मला विचारलं. जाऊन काय करणार? लाल्याला घेऊन जायचं, की न घेता?

घेऊन गेले तर सई दुरावली. न घेता गेले तर आबा ओटीवरच. यातलं कुठलंही वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं की लाज वाटते. एका कोंबड्यापायी, असं कोणी म्हणेल. म्हणोत. कोंबड्यापायी नाही हे. मी दोन माणसांना दोन शब्द दिले, दोघांनाही खरे वाटतील असे, आणि दोघंही माझ्यावर विश्वास टाकून बसली.

२९ नोव्हें.

आज दुपारी सई शाळेतून आली ती सरळ डालग्याकडे. गोणपाट काढलं. स्वतःच्या नव्या स्वेटरमध्ये लाल्याला गुंडाळलं, डोकं तेवढं बाहेर. माझ्यासमोर येऊन बसली. इतक्या दिवसांनी.

‘आई, याला आबांकडे नेऊन देऊया. मग ते झोपतील.’

मी म्हटलं, तुला माहीत आहे ना नेऊन दिल्यावर काय ते?

‘हो.’

रडत नव्हती. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं, नाही गं राणी, असं काही करायचं नाही, म्हटलं असतं. ती लाल्याच्या मानेवर जिथे पिसं उगवत नाहीत तिथे बोट फिरवत होती.

‘मी पण व्हय म्हाराजा म्हटलं होतं ना.’

‘तू लहान आहेस. तुला तेव्हा कळलं नव्हतं गं.’

‘तुला कळलं होतं?’

आता अंधारून आलंय. वि. पाळीवर. मी हे लिहिते आहे कारण दुसरं काही सुचत नाही. एवढ्यात आबांचा फोन येईल, विचारतील, जेवलाव काय गो. आज मी त्यांना नुसतं ‘जेवलो’ म्हणणार नाही. आज आधी ते सांगायचं, वळणावरचं, आणि मग म्हणायचं की आबा, तुमची नात म्हणते आहे…

सई लाल्याला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली आहे. फोन तिने आमच्या दोघींच्या मध्ये ठेवलाय.