डाव्या दारातला स्पीकर

४ मार्च, सोमवार

माझ्या चहाच्या कपात आज अकरा स्क्रू निघाले. इतिहासाने नोंद घ्यावी म्हणून लिहितो. वीस वर्षं या कपाला माझ्याशिवाय कोणाचा ओठ लागलेला नाही, आणि आज त्यात गाडीच्या दारांचे स्क्रू! 'वाटी सापडली नाही,' मिस्त्री म्हणतो. माझा कप मात्र बरा सापडला.

गाडी सासऱ्यांची. वयाने माझ्याएवढी, तब्येतीने माझ्यापेक्षा बरी. ते गेले आणि ती बायकोकडे आली. बायकोला आता तिच्यात गाणी हवीत. म्हणून हा स्पीकर बसवणारा मिस्त्री. दारांची आतली पॅनेल उतरवून मला म्हणतो, 'साहेब, मूळ पॅनेलला मी भोक पाडत नाही. प्लायवूडची नवी करतो, वर तसंच रेक्झीन. जुनी जपून ठेवा.'

एवढा सज्जनपणा! मला तिथेच संशय आला. असल्या जुन्या मालासाठी शौकीन लोक घर गहाण टाकतात. तो जेवायला गेला तेव्हा दोन्ही पॅनेलच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली. आता बदल म्हणावं!

६ मार्च, बुधवार

ही आणि मिस्त्री गाडीपाशी डोकी जवळ आणून बोलत होते. मी गेलो — गप्प.

'काय चाललंय?'

'काही नाही रे.'

हल्ली हिचं माझ्याकडे लक्षच नसतं. काल जेवताना शेजाऱ्यांच्या नव्या कुत्र्यावर एक झकास वाक्य टाकलं. ही म्हणते, 'काय?' मी म्हटलं, 'जाऊ दे.' विनोद दोनदा सांगायचा नाही, हे आपलं तत्त्व. दर रविवारी पेपरातून लोकांना हसवून पोट भरणाऱ्याने घरात एवढा तरी मान राखून घ्यावा.

आणि गाडीत मागे बसते! दोन महिने झाले. 'पुढे पाय आखडतात.' म्हणजे ही मालकीणबाई आणि मी ड्रायव्हर. टोपी तेवढी आणायची राहिली आहे.

७ मार्च, गुरुवार

फुल्या जागेवर. मिस्त्री सावध दिसतो.

८ मार्च, शुक्रवार

पडद्याआडून पाहिलं. (या वयात! पण पाहिलं.) ही पुढच्या सीटवर, डोळे मिटून. मिस्त्रीच्या हातात सुटा स्पीकर, मागे वायरीचं शेपूट. तो स्पीकर दाराला लावून हळूहळू वर सरकवत होता. 'इथे?' हिने मान हलवली. 'आता?' पुन्हा नाही. खांद्याजवळ आणला आणि ही एकदम हसली. डोळे मिटलेलेच.

माझ्या एकाही वाक्याला ही वर्षभरात अशी हसलेली नाही.

काहीतरी आहे. पॅनेलचं नाही. दुसरंच काहीतरी.

१० मार्च, रविवार

सापडला! काम संपलं म्हणून दाखवायला बोलावलं. माझ्या बाजूचा, उजव्या दारातला स्पीकर खाली पायाशी. डाव्या दारातला पार वर, खांद्याजवळ, आणि दुप्पट मोठा. आंधळ्यालाही दिसावं असं वाकडं काम!

'मिस्त्री, मोजपट्टीने सकाळीच घेतली होती वाटतं?'

तो हसला नाही. 'मुद्दाम केलंय साहेब. ताई पुढे बसल्या की दाराकडचा कान डावा. तोच चांगला आहे ना त्यांचा.'

'म्हणजे?'

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. 'मी पहिल्या दिवशी सगळ्यांनाच विचारतो. बसता कुठे, आणि नीट ऐकू कुठल्या कानाने येतं. मला वाटलं, साहेबांना ठाऊक असेल.'

ही जुनी पॅनेल चादरीत गुंडाळायला बसली. पाठीवरच्या फुल्या तिला दिसल्या. माझं अक्षर तिला कळतं, माझी फुलीसुद्धा. बोटाने एकदा चाचपली आणि चादरीची गाठ मारली.

मिस्त्रीने जाताना माझा कप विसळून ओट्यावर पालथा घातला.

११ मार्च, सोमवार

'वर्ष झालं. उजवा पार गेलाय. पुढे बसलं की तू नेमका त्याच बाजूला.'

'मला का नाही सांगितलंस?'

'पुढच्या रविवारी छापून आलं असतं.'



संध्याकाळी ती बंद गाडीत मागे बसली होती. दुसऱ्या दारातून शिरून तिच्या डावीकडे बसलो. कुत्र्यावरचं वाक्य पुन्हा सांगितलं. मग वर्षभरातले 'जाऊ दे' एकेक करून, आठवतील तेवढे. दोनदा हसली. कुत्र्याचं तितकंसं जमलेलं नाही म्हणाली.